परिच्छेद ३२ आणि हजार विड्या

जुलै २०१५ मध्ये इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, संयुक्त राष्ट्रांची विकासासाठीच्या वित्तपुरवठ्याची तिसरी परिषद भरली. १३ ते १६ जुलै असे चार दिवस ती चालली आणि शेवटी १३४ परिच्छेदांचा एक दस्तऐवज मंजूर झाला. गरिबी हटवायला लागणारा पैसा कुठून उभा करायचा, हा त्याचा विषय. त्यातला ३२वा परिच्छेद असंसर्गजन्य आजारांबद्दल आहे आणि त्यात तंबाखू येते. तंबाखूची किंमत आणि तिच्यावरचा कर वाढवला की सेवन घटते, औषधपाण्याचा खर्च घटतो, शिवाय अनेक देशांना विकासासाठी पैशाचा एक झरा मिळतो, असा त्या वाक्याचा आशय.

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांच्या पोटाशी या वाक्याचा थेट संबंध आहे. ते लिहिले जात असताना त्यांना कुणी विचारले नाही, आणि विचारायला हवे होते असे त्या खोलीतल्या कुणाला वाटल्याचेही दिसत नाही. अशा वाटाघाटींत नागरी समाजाची, म्हणजे सरकारबाहेरच्या संस्था-संघटनांची, भूमिका काय असते, हे समजून घ्यायला मला हेच प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटते. कारण यात नागरी संघटना जिंकल्या आहेत. हरलेल्या लढाईची चिकित्सा सोपी असते. जिंकलेल्या लढाईत कोण बाहेर राहिले, हे शोधायला जास्त खणावे लागते.

सुपातला पैसा

सोलापूर गिरण्यांचे शहर म्हणून नावाजलेले होते तेव्हाही इथे विडी होतीच. पुढे जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या बंद पडत गेल्या. यंत्रमागावर चादर-टॉवेल निघत राहिले, पण मागावरचे काम बेभरवशाचे. घरात दर आठवड्याला ठरलेला पैसा यायचा तो विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवरच्या सुपातून. तेलंगणातून येऊन इथे स्थिरावलेल्या पद्मशाली कुटुंबांत तर नवरा मागावर आणि बायको विडीवर अशी वाटणीच होऊन गेली. मुलीला विडी वळता येते का, हे सोयरीक जमवताना विचारले जायचे, असे जुन्या बायका आजही सांगतात. शहरात आणि आसपास विडी कामगार महिला किती, यावर ६० ते ७० हजार हा आकडा बातम्यांत आणि संघटनांच्या बोलण्यात येतो. देशभरात नोंदणी झालेले विडी कामगार सुमारे ५० लाख आहेत.

काम असे चालते. कारखान्याच्या ब्रँचमधून तेंदूपान, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो. पान भिजवायचे, कात्रीने मापात कापायचे, तंबाखू भरून वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी माल घेऊन जायचे. तिथे तपासताना जी विडी बाजूला काढली जाते ती छाट, तिचे पैसे नाहीत. मजुरी हजारावर मोजतात. पान फाटके-किडके निघाले आणि हजार भरले नाहीत, तर तूट बाईच्या अंगावर.

करवाढीचे काय होते, हे मी एकदा अशोक चौकाजवळ राहणाऱ्या एका अक्कांना विचारले होते. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “काय व्हायचंय सर? हजाराच्या जागी सातशेचं पान देतात. आठवड्यातनं चारच दिवस देतात.”

“आणि कर कमी झाला की?”

“कमी झालेलं आम्हाला कुणी सांगत नाही.”

वित्तशास्त्राच्या पुस्तकात करभार कुणावर पडतो याचे जे प्रकरण असते, ते या दोन उत्तरांत येते. कर वाढला की त्याचा काही भाग ओढणारा देतो, काही मालक सोसतो, आणि उरलेला ‘कामाचे दिवस’ या खात्यातून वजा होतो. हे तिसरे खाते अर्थसंकल्पात कुठेच दिसत नाही.

विडीवर कर नको, असे मात्र मी म्हणत नाही. २०१६–१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात ७.७ टक्के प्रौढ विडी ओढत होते, सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण ४ टक्के होते. विडी ओढणारा तोही गरीबच, पुष्कळदा मागावर बारा तास उभा राहणारा. त्याचा खोकला आणि बायकोची मजुरी एकाच घरात राहतात. तंबाखूची धूळ तर वळणाऱ्या बाईच्याही छातीत जाते. विडी स्वस्त ठेवून गरिबाचे भले होते, हा युक्तिवाद मालकांनी करावा, आपण करू नये. प्रश्न पुढचा आहे. करातून विकासाचा पैसा उभा राहणार असे जगाने लिहून ठेवले, तर ज्या कामावर तो कर बसतो त्या कामातल्या बाईच्या वाट्याला त्यातले काय येते?

वाक्य आत कसे गेले

ही परिषदांची मालिका २००२ मध्ये मेक्सिकोतल्या मॉन्तेरेला सुरू झाली. दुसरी २००८ मध्ये दोहाला, तिसरी अदिसला, चौथी २०२५ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिलला. पहिल्यापासूनच नागरी संघटनांना तिथे जागा आहे; मॉन्तेरेत तर सरकारे, संस्था आणि उद्योजक एकाच गोलमेजाभोवती बसले म्हणून त्याचे कौतुक झाले होते. जागा आहे, पण कुठली, ते पाहावे लागते. संयुक्त राष्ट्रांकडे नोंदलेल्या किंवा त्या परिषदेपुरती मान्यता मिळालेल्या संस्थेला खुल्या बैठकीत बसता येते, वेळ उरला तर दोन-तीन मिनिटे बोलता येते. मसुद्यातले शब्द जिथे ठरतात त्या बंद खोल्यांत तिला प्रवेश नसतो. म्हणून खरे काम दाराबाहेर होते. एखाद्या अनुकूल देशाच्या प्रतिनिधीच्या हातात तयार वाक्य द्यायचे, त्याने ते आत मांडायचे, संध्याकाळी नव्या मसुद्यात ते टिकले का ते शोधायचे. ज्याच्याकडे तयार वाक्य असते त्याचे काम होते. ज्याच्याकडे नुसते दुःख असते त्याला दोन मिनिटे मिळतात.

तंबाखूविरोधी संघटना या कामात मुरलेल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराच्या वाटाघाटींत त्यांनी १९९९ पासून ‘फ्रेमवर्क कन्व्हेन्शन अलायन्स’ या नावाने मोट बांधली. रोज सकाळी प्रतिनिधींच्या हातात वार्तापत्र ठेवायचे, आदल्या दिवशी चांगली भूमिका घेणाऱ्या देशाला ‘ऑर्किड’ आणि खोडा घालणाऱ्याला ‘घाणेरडा ॲशट्रे’ जाहीर करायचा, अशी त्यांची पद्धत. प्रतिनिधी त्या ॲशट्रेला खरोखर बिचकत. भारतातून ‘हृदय’, ‘व्हॉलंटरी हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया’ यांसारख्या संस्था या चळवळीत होत्या. करार मे २००३ मध्ये मंजूर झाला, भारताने फेब्रुवारी २००४ मध्ये त्याला संमती दिली आणि २७ फेब्रुवारी २००५ पासून तो लागू झाला.

आरोग्य खात्यांना पटवून झाल्यावर या मंडळींच्या लक्षात आले की कराची किल्ली अर्थ खात्याकडे असते आणि अर्थ खात्याला फुप्फुसाच्या चित्रापेक्षा महसुलाचा आकडा लवकर कळतो. तेव्हा त्यांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेने भाषा बदलली: हा आरोग्याचा कर आहे आणि विकासाचा पैसाही आहे. ही भाषा अदिसच्या ३२व्या परिच्छेदात पोहोचली. लॉबिंगचे काम म्हणून मी याला दाद देतो.

त्या परिषदेत बहुतेक नागरी संघटनांचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. बहुराष्ट्रीय कंपन्यांचा कर कुठे आणि किती लागावा याचे नियम श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटात ठरतात. ते संयुक्त राष्ट्रांत, सर्व देशांच्या बरोबरीने ठरावेत, अशी विकसनशील देशांची मागणी होती. भारत त्यात पुढे होता, करन्यायाच्या, म्हणजे कराचे नियम न्याय्य व्हावेत म्हणून झटणाऱ्या, संघटना पाठीशी होत्या. अदिसमध्ये ती मागणी हाणून पाडली गेली. पण विषय संपला नाही. संघटना दरवर्षी मसुदे, आकडेवारी, तुलना घेऊन येत राहिल्या, आफ्रिकी देशांनी पुढाकार घेतला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीत करसहकार्याच्या आराखडा कराराचा ठराव १२५ विरुद्ध ४८ मतांनी पार पडला. आता त्या कराराच्या वाटाघाटी चालू आहेत. आठ वर्षे एकच वाक्य लावून धरणारे लोक असले की काय होते, याचा हा दाखला. विडीच्या बाबतीत असे लावून धरणारे कुणी नव्हते.

गाळलेला अर्धा भाग

आता तंबाखू नियंत्रण करार उघडून पाहू. सहावे कलम किंमत आणि कराचे. ते अदिसला गेले. सतरावे कलम म्हणते की तंबाखू कामगार, शेतकरी आणि गरजेप्रमाणे किरकोळ विक्रेते यांच्यासाठी आर्थिकदृष्ट्या परवडणारे पर्याय सरकारांनी पुढे आणावेत. यात कामगार पहिले आहेत, हे मुद्दाम सांगतो. चौथ्या कलमात, ज्यांच्या उपजीविकेवर गंभीर परिणाम होईल अशा शेतकऱ्यांना आणि कामगारांना बदल पेलण्यासाठी तांत्रिक आणि आर्थिक मदत देण्याचे महत्त्व मान्य केले आहे. आणि पैशाबद्दलचे सव्विसावे कलम सांगते की असे पर्याय देशाच्या शाश्वत विकासाच्या धोरणात बसवून त्यांना पाठबळ द्यावे. म्हणजे विकासनिधी आणि तंबाखू कामगार यांची गाठ २००३ मध्येच बांधलेली होती. बारा वर्षांनी जेव्हा खुद्द विकासनिधीवरच जागतिक दस्तऐवज लिहिला गेला, तेव्हा सहावे कलम आत आले आणि सतरावे दाराबाहेर राहिले. दस्तऐवजात पुढे ७७व्या परिच्छेदात या कराराची अंमलबजावणी बळकट करण्याचा उल्लेख आहे, पण तो मोघम आहे. कामगार हा शब्द तिथे नाही.

सतराव्या कलमाचे स्वतःचे नशीबही फार बरे नाही. त्यावर काम करणाऱ्या गटाच्या शिफारशी ऑक्टोबर २०१४ मध्ये मॉस्कोत कराराच्या सदस्य देशांच्या सहाव्या बैठकीत मंजूर झाल्या. त्यांच्या शीर्षकातच तंबाखूच्या ‘लागवडीला’ पर्याय असे आहे. शेत बदलता येते, पीक बदलता येते. त्यावर प्रकल्प लिहिणेही सोपे. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या दोन खोल्यांत सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईचे शेत नाही. घरबसल्या काम करणारी कामगार ही मुळात दक्षिण आशियाची गोष्ट, आणि आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांतला तंबाखू कामगार बहुधा मलावी किंवा झिम्बाब्वेच्या शेतात उभा असतो.

हा भाग कुणी वैराने गाळला असे मला वाटत नाही. आरोग्य संघटनांना ‘रोजगार’ या शब्दाची धास्ती आहे आणि ती विनाकारण नाही. करवाढ किंवा पाकिटावरच्या मोठ्या इशाऱ्याचा विषय निघाला की मालक बायकांच्या रोजगाराची ढाल पुढे करतात. २०१५ मध्ये सचित्र इशाऱ्यांचा आकार तपासणाऱ्या संसदीय समितीत विडी उद्योगातले एक खासदार सदस्य होते, यावरून गदारोळ झाला होता. पुढे एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कराराची सातवी बैठक ग्रेटर नोएडात झाली. बाहेर तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांची निदर्शने, आत प्रेक्षकांना आणि पत्रकारांना मज्जाव. निदर्शनांमागे कंपन्या आहेत असा संशय, म्हणून दारे बंद. दारे बंद, म्हणून खरा शेतकरी आणि खरी कामगारही बाहेर. (त्या आठवड्यात ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि रोखीने मजुरी घेणाऱ्या विडी कामगारांपुढे वेगळेच संकट उभे राहिले. नोएडात त्याची चर्चा झाली असण्याची शक्यता कमीच.)

करारातले कलम ५.३ उद्योगाचा हस्तक्षेप रोखते आणि ते हवेच. पण मालकाचे भाट आणि कामगारांची संघटना यांच्यात फरक करण्याची चाळणी त्यासोबत लागते, ती कुणी नीट बनवली नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत हेच उलट्या बाजूने घडले. बालमजुरीविरोधी कामासाठी ती तंबाखू उद्योगाशी जोडलेला पैसा घेत होती. आरोग्य संघटनांनी ओरड केली, ते करार २०१८ मध्ये संपले. ओरड योग्यच होती. त्या पैशाच्या जागी तेवढाच स्वच्छ पैसा यावा, यासाठी मात्र तशी मोहीम उभी राहिली नाही.

खुर्ची कुणाची

सोलापूरच्या विडी कामगारांना संघटना नाही असे कुणी म्हणणार नाही. सिटू आणि आयटक या डाव्या, इंटक ही काँग्रेसच्या वळणाची, सगळ्या कामगार संघटनांचे झेंडे इथे आहेत. मोर्चे जिल्हाधिकारी कार्यालयावर नेमाने जातात. प्रश्न पुढच्या टप्प्याचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकासनिधी प्रक्रियेत कामगारांच्या वतीने मुख्यतः बोलते ती आयटीयूसी ही जागतिक संघटना. तिच्या भारतीय सभासदांत इंटक, हिंद मजदूर सभा आणि सेवा आहेत. सिटू आणि आयटक दुसऱ्या, डाव्या जागतिक महासंघाशी जोडलेल्या. पूर्व भागात लाल झेंड्याचे बळ मोठे, आणि न्यूयॉर्क-जिनिव्हाकडे जाणारा रुळलेला रस्ता दुसऱ्याच झेंड्याखालून जातो. हा शीतयुद्धातला फाटा आहे. विडीच्या बाईला त्याची झळ आजही बसते.

घरबसल्या कामगाराला जिनिव्हापर्यंत नेण्याचे एक यश आपल्या देशातून मिळालेले आहे. अहमदाबादच्या सेवा संस्थेने, जिच्या सभासदांत विडी कामगारही होत्या, इतर देशांतल्या संघटनांना सोबत घेऊन गृहकामगारांच्या हक्कांचा विषय लावून धरला आणि जून १९९६ मध्ये श्रम संघटनेचा गृहकाम करार, क्रमांक १७७, मंजूर झाला. भारताने त्याला अजून संमती दिलेली नाही. अदिसच्या वेळी ‘तंबाखूवर कर लावा’ म्हणणाऱ्यांच्या हातात हा करार असता, तर एक पूर्ण वाक्य तयार होऊ शकले असते. पण आरोग्यवाले आरोग्याच्या दालनात, करन्यायवाले कराच्या आणि गृहकामगारवाले श्रमाच्या. सरकारचेही तसेच: परिषद अर्थ मंत्रालयाची, तंबाखू करार आरोग्य मंत्रालयाचा, विडी कामगार श्रम मंत्रालयाचे, दर ठरवणार जीएसटी परिषद. सरकारी खात्यांच्या भिंतींवर आपण टीका करतो; नागरी समाजाने त्याच भिंती आपल्या घरात बांधून घेतल्या, यावर कमी बोलतो.

हजारामागे पाच रुपये

या प्रकरणातला सगळ्यात बोलका तपशील अदिसचा नाही, दिल्लीचा आहे. १९७६ मध्ये भारताने दोन कायदे केले. विडी कामगार कल्याण उपकराचा एक आणि कल्याण निधीचा दुसरा. विडीवर उपकर बसवायचा, तो कामगारांच्याच निधीत टाकायचा. शेवटी हा दर हजार विड्यांमागे ५ रुपये होता. त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, घरांना मदत झाली. ज्या वस्तूवर कर तिच्या कामगारासाठी निधी, ही कल्पना जगाने आज ‘अभिनव’ म्हणून मांडावी अशी. आपल्याकडे ती चाळीस वर्षे चालू होती. निधीत गैरव्यवस्था होती, दवाखान्यात औषध नसायचे, शिष्यवृत्ती उशिरा यायची, हे सगळे खरे. तरी पैशावर नाव होते.

२०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. विडीवर २८ टक्के जीएसटी बसला. म्हणजे कर वाढला आणि कामगाराचे नाव पुसले गेले. शिष्यवृत्ती आणि आरोग्याच्या योजना त्यानंतर सर्वसाधारण अर्थसंकल्पातून चालतात. अर्थसंकल्पात तरतूद किती, हे दरवर्षी ठरते. अदिसच्या वाक्यानंतर दोनच वर्षांत हे घडले. तंबाखूचा कर विकासासाठी, असे मान्य केलेल्या देशाने कर आणि विकास यांच्यातला एकमेव प्रत्यक्ष धागा काढून टाकला. या मुद्द्यावर आरोग्य संघटनांनी, करन्यायाच्या संघटनांनी आणि कामगार संघटनांनी एकत्र यायला याहून चांगले निमित्त मिळाले नसते. आरोग्यवाले सिगारेटसारखा अधिभार विडीवर का नाही, हे विचारत होते. कामगार संघटना आणि मालक २८ टक्के कमी करा म्हणत होते. उपकराची जागा कशाने भरायची, हा प्रश्न दोघांच्याही यादीत खाली राहिला.

जिथे पैसा आला

पैसा आलाच नाही असे नाही. कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाची महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत आहे. केंद्र, राज्य आणि कामगार अशा तिघांच्या वाट्यातून ती उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे वाटप झाले. मागे माकपचे नेते नरसय्या आडम मास्तर आणि सिटूची अनेक वर्षांची चिकाटी होती. त्याच भागात पुढे रे नगर आले: असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरे, त्यातली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान, एकच लाल झेंड्याची संघटना. या गृहप्रकल्पांत कुठल्या जागतिक परिच्छेदाचा हात नव्हता. हातात यादी होती, मागणी रुपयांत होती आणि ज्याच्याकडे मागायचे त्याचे दार ठाऊक होते.

दुसरे उदाहरण सोलापूरकरांच्या नात्यागोत्यातले. तेलंगण सरकार आसरा योजनेतून भविष्य निर्वाह निधीचे खाते असलेल्या विडी कामगारांना निवृत्तिवेतनासारखी मासिक रक्कम देते. २०१५ मध्ये ती १,००० रुपये होती, २०१९ पासून २,०१६ झाली. सिरसिल्ल्याच्या किंवा करीमनगरच्या बहिणीला ती मिळते आणि सोलापुरातल्या बहिणीला नाही, यावर लग्नकार्यात बोलणे होते. एकच जात, एकच काम, एकच पान. मधे राज्याची सीमा.

यावरून जागतिक वाटाघाटी निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आसरासारखी योजना देशभर करायची तर केंद्राकडे बोट दाखवायला एखादा आंतरराष्ट्रीय शब्द हाताशी हवा. तो सतराव्या कलमात आहे. केंद्रीय श्रम मंत्रालयाने विडी कामगारांसाठी पर्यायी कौशल्य प्रशिक्षणाची योजना आणली, ती याच विचाराच्या वाटेवर. तिचा आवाका ५० लाखांपुढे नगण्य आहे. तरी सरकारने तत्त्व मान्य केले आहे, आणि तत्त्व मान्य असले की भांडण रकमेवर आणता येते.

सेव्हिल ते सोलापूर

जून २०२५ च्या अखेरीस सेव्हिलला चौथी परिषद सुरू झाली. अमेरिका अंतिम टप्प्यात वाटाघाटीतून बाहेर पडली, श्रीमंत देशांची मदत आटत चालली होती, त्यामुळे देशांतर्गत कराकडे सगळ्यांचे डोळे लागले. दस्तऐवजात तंबाखूसोबत मद्यावरच्या कराचाही मुद्दा आला. परिषदेच्या काळातच, २ जुलैला, जागतिक आरोग्य संघटनेने २०३५ पर्यंत तंबाखू, मद्य आणि साखरयुक्त पेयांच्या किमती किमान ५० टक्क्यांनी वाढवण्याचा उपक्रम जाहीर केला. दहा वर्षांत एक लाख कोटी डॉलर उभे राहतील अशी अपेक्षा त्यात आहे.

दोन महिन्यांनी, ३ सप्टेंबरला, जीएसटी परिषदेने विडीवरचा दर २८ वरून १८ टक्के करण्याचा निर्णय घेतला. तेंदूपानावरचा १८ वरून ५ टक्क्यांवर. सिगारेट, गुटखा ४० टक्क्यांकडे. तेंदूपानाची कपात त्याच महिन्यात लागू झाली, विडीची पुढच्या तारखेवर ठेवली गेली. मालकांनी स्वागत केले. आरोग्य संघटनांनी निषेध केला. कपातीतून हजारी मजुरीत किती वाढ होणार, पान किती दिवस मिळणार, याची एकही अट निर्णयात नव्हती. अक्कांचे ‘कमी झालेलं आम्हाला कुणी सांगत नाही’ इथे शब्दशः लागू पडते. करवाढीचा विकासाशी धागा नव्हता. आता करकपातीचाही रोजगाराशी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि विडी-सिगार कामगारांचा १९६६ चा स्वतंत्र कायदाही त्यांत विरघळला.

सोलापुरातून एक टिपण पुढे पाठवायचे ठरले तर त्यात काय असावे, हे मी इथल्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांशी बोलताना मांडून पाहिले आहे. विडीवर जो काही जीएसटी असेल त्यातला ठरावीक हिस्सा कामगारांच्या नावाने वेगळा ठेवावा, तेलंगणासारखी मासिक रक्कम केंद्राने देशभर द्यावी, आणि विकासनिधीच्या पुढच्या दस्तऐवजात तंबाखू कराच्या वाक्याला सतराव्या कलमाची जोड द्यावी. मुद्दे लिहायला एक दुपार पुरते. सही कुणाची, यावर गाडी अडते. सार्वजनिक आरोग्याच्या संस्थेला कामगार संघटनेशेजारी सही करायला संकोच, कारण ती संघटना करवाढीला विरोध करते. कामगार संघटनेला त्याहून मोठी अडचण: पर्यायी रोजगाराचा पैसा मागायचा म्हणजे विडी संपणार हे कागदावर कबूल करायचे, आणि तसे कबूल केले की उद्या ब्रँच बंद करायला मालकाला तोच कागद दाखवता येईल. ही भीती मला खोटी वाटत नाही. मजुरी जिथे कमी तिथे काम हलवण्याची या धंद्याची जुनी सवय आहे.

विडी वळणाऱ्या बायका एका आवाजात बोलत नाहीत, हेही टिपणात यायला हवे. पन्नाशी-साठीच्या बायकांना रोज पूर्ण हजाराचे पान आणि एक हजारावर अडकलेल्या किमान पेन्शनमध्ये वाढ हवी आहे; त्यांना शिवणकाम शिकवायला निघालेल्या प्रशिक्षकाकडे त्या हसून पाहतात. त्यांच्या मुली गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत जातात आणि त्यांना हवे आहे ते घराजवळ काम, पाळणाघर, रात्री परतायला बस. पर्यायी उपजीविकेचा निधी उद्या खरोखर आला तर तो वापरणाऱ्या या मुलीच आहेत. विडी संघटनांच्या सभासद यादीत त्यांच्या आया आहेत, त्या नाहीत.